घरगुती विक्री मेळावा आणि यजमानिणीची यादी

(महिला स्वयंसहाय्य गटांच्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



घरी ओळखीची माणसे बोलवावीत, त्यांच्यापुढे माल मांडावा, तो हाताळून पाहू द्यावा, चहापाणी करावे आणि ज्याला जे हवे ते त्याने विकत घ्यावे, ही विक्रीची पद्धत आता खेड्यापाड्यांतही अपरिचित राहिलेली नाही. साड्यांचे गठ्ठे घेऊन घरी येणारी बाई, दिवाळीच्या फराळाची मागणी शेजारणीच्या सोप्यावर बसून नोंदवून घेणारा बचत गट, स्वयंपाकघरातील डबे अथवा सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या कंपन्यांच्या प्रतिनिधी, ही सारी या एकाच पद्धतीची रूपे होत. तिच्यात विक्री करणारी एक असते आणि घर देणारी दुसरी. विक्रेतीला मालाची माहिती असते, पण माणसे असतात ती यजमानिणीपाशी. मेळावा साधणे अथवा फसणे बहुतांशी या दुसऱ्या स्त्रीच्या हाती असते, आणि नेमकी तीच बहुधा संकोचलेली असते. विक्रेतीने वीसजणींच्या अपेक्षेने माल आणावा, यजमानिणीने आठजणींना सांगावे, प्रत्यक्षात चौघी याव्यात आणि त्यांतल्या दोघी घरातल्याच जावा-नणंदा असाव्यात, हा अनुभव कोणत्याही गटाला नवा नाही. यजमानिणीला अधिक पाहुणे बोलावण्यास उत्तेजन का द्यावे आणि कसे द्यावे, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

या पद्धतीला शिस्तबद्ध स्वरूप आले ते अमेरिकेत. फ्रँक स्टॅन्ली बेव्हरिज यांनी १९३१ मध्ये स्टॅन्ली होम प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली. ब्रश, झाडू, घर स्वच्छ ठेवण्याची साधने असा तिचा माल होता. दारोदार फिरून एकेका गृहिणीपुढे तेच ते प्रात्यक्षिक करण्यापेक्षा एका घरी दहा-बाराजणी जमल्या तर एकाच प्रात्यक्षिकात काम होते, हे तेथील विक्रेत्यांच्या ध्यानात आले आणि घर देणाऱ्या गृहिणीला भेटवस्तू देण्याचा प्रघात पडला. पुढे या क्षेत्रात नाव मिळवलेल्या अनेक स्त्रियांनी पहिले धडे याच कंपनीत गिरवले.

त्यांपैकी ब्राउनी वाइज यांचे चरित्र या विषयाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. घटस्फोटित, पदरी एक लहान मुलगा, डेट्रॉइटजवळ वास्तव्य आणि दिवसा कारकुनी काम, अशा परिस्थितीत त्यांनी स्टॅन्ली कंपनीचा माल घरोघरच्या मेळाव्यांत विकण्यास प्रारंभ केला. याच सुमारास अर्ल टपर यांनी पॉलिथिलीनची हलकी, लवचीक भांडी बाजारात आणली होती. १९४६ मध्ये दुकानांत आलेली ही टपरवेअरची भांडी दिसायला सुबक होती, पण खपत नव्हती. कारण अगदी साधे होते. झाकण बसवताना त्याचा मधला भाग दाबून आतली थोडी हवा बाहेर सोडावी लागे, तेव्हाच ते घट्ट बसे. दुकानातल्या फळीवर मुकाट्याने बसलेल्या डब्याला हे सांगता येत नव्हते. गिऱ्हाइके डबा घरी नेत आणि झाकण बसत नाही म्हणून परत करीत.

वाइज यांनी तोच डबा बायकांच्या घोळक्यात नेला. त्यात द्रवपदार्थ भरावा, झाकण दाबून बसवावे आणि भरलेला डबा खोलीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला फेकावा, हे त्यांचे प्रात्यक्षिक प्रसिद्धच आहे. डबा कोणाच्या तरी हातात पडे, थेंब सांडत नसे आणि खोलीत हशा पिके. त्यांची विक्री मोठमोठ्या दुकानांहून अधिक होते आहे, हे टपर यांच्या लक्षात आले. १९५१ मध्ये त्यांनी वाइज यांना घरगुती मेळावे चालवणाऱ्या शाखेच्या उपाध्यक्ष नेमले आणि आपला सर्व माल दुकानांतून काढून घेतला. इतका मोठा निर्णय बैठकीच्या खोलीत जमणाऱ्या बायकांच्या भरवशावर घेतला गेला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९५४ मध्ये ‘बिझनेस वीक’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर वाइज यांचे छायाचित्र झळकले. तो मान मिळालेली ती पहिली स्त्री होय. आणि १९५८ मध्ये त्यांना कंपनीतून काढून टाकण्यात आले. कंपनीचा एकही भाग त्यांच्या नावावर नव्हता, सुमारे एका वर्षाच्या पगाराइतकी रक्कम हाती पडली. त्याच वर्षी टपर यांनी कंपनी एक कोटी साठ लक्ष डॉलरना विकली. बचत गटातील प्रत्येक सभासदाचे नाव वहीत असावे आणि नफ्याचा हिस्सा लेखी ठरलेला असावा असा आग्रह का धरला जातो, याचे उत्तर या एका हकिकतीत आहे. परंतु तो स्वतंत्र विषय झाला.

मूळ मुद्दा यजमानिणीचा. अमेरिकेतील या मेळाव्यांत विक्रेतीला विक्रीवर मोबदला मिळे आणि यजमानिणीला भेटवस्तू. भेटीचे मोल त्या दिवशी किती विक्री झाली यावर ठरे, पण तेवढ्यावरच नव्हे. आलेल्या पाहुण्यांपैकी कितीजणींनी पुढचा मेळावा आपल्या घरी भरवण्याचे कबूल केले, यालाही तितकेच महत्त्व होते. येथे या पद्धतीचे खरे मर्म आहे. मेळाव्यातून त्या दिवसाचे पैसे उभे राहतात आणि पुढच्या मेळाव्याचे घरही मिळते. एका घरातून निदान दोन नव्या घरांची तारीख मिळाली नाही, तर विक्रेतीच्या वहीतली पाने काही आठवड्यांत कोरी पडतात.

आता चार पाहुण्यांच्या त्या मेळाव्याकडे पाहावे. दोघी जावा-नणंदा, एक शेजारीण आणि एक मैत्रीण. जावेने मेळावा भरवला तरी तिच्या ओळखीची माणसे तीच असणार. शेजारणीचेही बरेचसे तसेच. म्हणजे पुढची घरे मिळूनही पाहुणे जुनेच राहतात. ज्या बाईने गेल्या महिन्यात पाव किलो सांबार मसाला घेतला, तिला या महिन्यात पुन्हा त्याच मसाल्यापुढे बसवले जाते. ती एकदा येते, दुसऱ्यांदा काही निमित्त सांगते, आणि तिसऱ्यांदा यजमानीणच तिला सांगत नाही. गटाचा माल चांगला असूनही विक्री थांबली की दोष मालाला अथवा महागाईला दिला जातो. वस्तुतः आटलेली असते ती यादी.

पाहुण्यांची संख्या वाढवण्याचे दुसरे कारण याहून महत्त्वाचे असूनही त्याचा फारसा विचार होत नाही. मित्राच्या घरी बसून त्याला नाही म्हणणे माणसाला जड जाते. घरगुती मेळाव्याचे सामर्थ्य याच जडपणात आहे आणि त्याचा दोषही. मानसशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट चाल्दिनी यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात टपरवेअरच्या मेळाव्याचे उदाहरण घेऊन हे विस्ताराने सांगितले आहे. माल विकते परकी विक्रेती, परंतु मागणी होते ती मैत्रिणीकडून, आणि मैत्रिणीला त्यातून काही मिळणार आहे हे जमलेल्या प्रत्येकीला ठाऊक असते. जोनाथन फ्रेंझन आणि हॅरी डेव्हिस या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, यजमानिणीशी स्नेह जितका दृढ तितकी खरेदीची शक्यता अधिक, असेच आढळले. म्हणजे पाहुणी कित्येकदा डबा घेत नसते, मैत्री राखत असते.

हे जाणल्यावर दोन मार्ग दिसतात. एक असा की, या संकोचाचा फायदा घ्यावा, अगदी जवळच्या पाच-सहाजणींना बोलवावे आणि त्यांच्याकडून भरपूर खरेदी करून घ्यावी. हा मार्ग सोपा आहे, एकदाच चालतो, आणि नात्यात गाठ पाडून जातो. पाचजणींच्या खोलीत कोणी काय घेतले आणि कोणी काहीच घेतले नाही, हे साऱ्यांना दिसते. रिकाम्या हाताने उठणारी बाई ओशाळते, नाही तर नको असलेले पाकीट उचलून ते दाखवण्यापुरते पिशवीत टाकते. पंधरा-सोळाजणी जमल्या असता मात्र तसे घडत नाही. काही घेतात, काही नुसत्या पाहतात, काही गप्पा मारून जातात, आणि कोण कशासाठी आली होती याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. खोलीत माणसे अधिक असली की प्रत्येकीवरचे ओझे हलके होते. अधिक पाहुण्यांचा आग्रह विक्रीसाठी आहेच, पण यजमानिणीची मैत्री शाबूत राहावी यासाठी तो अधिक आहे. यजमानिणीला हे समजावून सांगितले तर तिचा निम्मा संकोच तेथेच संपतो, कारण तिला खरी भीती वाटत असते ती याच गोष्टीची.

सर्व प्रकारच्या मालाला मोठा जमाव मानवतो असे मात्र नाही. मेरी के ॲश यांनी १९६३ मध्ये सौंदर्यप्रसाधनांचा व्यवसाय सुरू केला तेव्हा त्यांनी पाच-सहा स्त्रियांचा छोटा वर्ग पसंत केला, कारण तेथे प्रत्येकीच्या चेहऱ्याकडे स्वतंत्र लक्ष द्यावे लागे. अंगाला लावून बघायचा, मापाने बेतायचा माल असेल, उदाहरणार्थ शिवलेले कपडे, तर तीस बायकांच्या गर्दीत कोणाचेच समाधान होत नाही. मसाले, लोणची, पापड, आमसुले, डबे, चादरी यांना ही अडचण नाही.

यजमानीण कमी माणसांना का बोलावते, याचा विचार सहानुभूतीने केला पाहिजे. घर लहान असते, खुर्च्या चारच असतात. पेले एकसारखे नसतात. घरातील पुरुषमाणसांना गर्दी रुचेल की नाही याचा अंदाज नसतो. पंधराजणींना चहा-चिवडा द्यायचा तर खर्च आपल्या अंगावर पडेल ही धास्ती असते, आणि ही धास्ती बोलून दाखवणे कमीपणाचे वाटते. विक्रेतीने ‘आणखी बोलवा, आणखी बोलवा’ असे कितीही म्हटले तरी यांपैकी एकही अडचण दूर होत नाही. उलट यजमानीण ‘हो’ म्हणते आणि कोणालाच सांगत नाही. तेव्हा मेळाव्याच्या आठ-दहा दिवस आधी गटातील एकीने यजमानिणीच्या घरी जाऊन अर्धा तास बसणे, हे मेळाव्याच्या दिवशी दोन तास बोलण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे. अल्पोपाहार गटाने आणायचा, तो एकच पदार्थ आणि चहा एवढाच असायचा, हे तेव्हाच ठरवून टाकावे. तो पदार्थ गटाच्याच पिठाचा किंवा मसाल्याचा असला तर वेगळे प्रात्यक्षिक करावे लागत नाही. बसण्यासाठी चटया पुरतात. घर फारच लहान असेल तर एकच वेळ न देता चारपासून सातपर्यंत केव्हाही यावे असे सांगावे. पाहुण्या येत-जात राहतात, एका वेळी सात-आठच बसलेल्या असतात आणि दिवसभरात वीसजणी होऊन जातात.

याच भेटीत यादी करावी. यादी करण्याचे काम क्षुल्लक वाटते, परंतु सारा मेळावा त्यावर उभा असतो. ‘कोणाकोणाला बोलावणार?’ असा प्रश्न विचारला की यजमानिणीला सहा नावे आठवतात आणि ती थांबते. प्रश्न बदलला की उत्तर बदलते. मुलीच्या वर्गातल्या कोणत्या आया शाळेच्या फाटकापाशी भेटतात? भजनी मंडळात शेजारी कोण बसते? पूर्वी याच वाड्यावर राहणारी आणि आता शहरात गेलेली कोणी आहे का? शिवण कोणाकडे टाकता? अंगणवाडीच्या सेविका, आरोग्यकेंद्रातल्या परिचारिका, बसमध्ये रोज भेटणारी बाई? अशा प्रश्नांनी अर्ध्या तासात तीस नावे सहज कागदावर येतात.

मग यजमानीण त्यांतली नावे खोडू लागते. ‘तिला परवडणार नाही.’ ‘ती कशाला घेईल, तिच्या घरी सगळे आहे.’ ‘तिला आवडायचे नाही.’ येथे विक्रेतीने हळुवारपणे तिचा हात धरला पाहिजे. दुसऱ्याच्या पिशवीतले पैसे आपण मोजू नयेत. जिला परवडत नाही असे वाटते, तिला कदाचित स्वतःचाच गट सुरू करायची माहिती हवी असेल. जिच्या घरी सगळे आहे, तिची मुलगी परगावी नोकरीला असेल आणि तिला महिन्याला दोन किलो मसाला पाठवायचा असेल. कोण घेईल याचा विचार न करता कोणाला यायला आवडेल याचा विचार करावा. आणि नाव राहू द्यावे. येणे न येणे त्या बाईने ठरवायचे आहे.

सांगितलेल्या साऱ्याजणी येत नाहीत, हे या धंद्यातले जुने सत्य आहे. कोणाच्या घरी आजार निघतो, कोणाची बस चुकते, कोणाकडे अवचित पाहुणे येतात. दहाजणी याव्यात असे वाटत असेल तर वीस-पंचवीसजणींना सांगावे लागते, हा अनुभवाचा ठोकताळा होय. निमंत्रणाची रीतही महत्त्वाची आहे. हल्ली व्हॉट्सॲपवर शंभरजणींच्या समूहात एक संदेश टाकला की निमंत्रणाचे काम झाले अशी समजूत आहे. त्या संदेशाला अंगठ्याची खूण भराभर मिळते आणि दारात कोणी दिसत नाही. सर्वांना केलेले निमंत्रण कोणालाच केलेले नसते, ही गोष्ट आपल्या आज्या लग्नाच्या अक्षतांबाबत पक्की जाणून होत्या. समूहातील संदेश आठवणीपुरता ठीक. मूळ निमंत्रण नाव घेऊन, भेटून अथवा दूरध्वनीवरून द्यावे, आणि आदल्या दिवशी पुन्हा एकदा सांगावे. ‘येताना तुमच्या वहिनींनाही आणा’ हे एक वाक्य त्यात घातले तर यजमानिणीच्या ओळखीबाहेरचा पाहुणा घरात येतो, आणि साखळी पुढे जाते ती अशाच पाहुण्यामुळे.

निमंत्रण देताना ते विक्रीचे आहे हे स्वच्छ सांगितले पाहिजे. मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला बायका जमतातच, तेव्हा त्यातच माल मांडला तर काय बिघडले, असे विचारले जाते. आधी सांगितले असेल तर फारसे बिघडत नाही. न सांगता केले तर फार बिघडते. हळदीकुंकवाला आलेली सुवासिनी वाण घेण्यासाठी आलेली असते, तिच्या हातात किमतीचे पत्रक देणे हा तिच्या विश्वासाचा अवमान आहे. शिवाय आणखी एक गोष्ट आहे. परंपरेने चालत आलेल्या हळदीकुंकवाच्या यादीत विधवा नसत, आणि अनेक घरी अजूनही नसतात. पुष्कळ ठिकाणी ही प्रथा जाणीवपूर्वक मोडली जात आहे, ही समाधानाची बाब होय. पण विक्री मेळाव्याला तर ती मर्यादा मुळातच नाही. पती निवर्तलेली, घटस्फोटित, अविवाहित, कोणीही स्त्री तेथे सन्मानाने येऊ शकते. कित्येकदा उत्पन्नाची निकड तिलाच सर्वांत अधिक असते. वाइज यांची हकिकत वर सांगितली ती याही कारणासाठी. यादी वाढवायची म्हणजे आजवर ज्या नावांवरून बोट पुढे सरकत होते तेथे थांबायचे.

गोव्यातील गावांत तर याला आणखी वाव आहे. येथे एकाच वाड्यावर हिंदू आणि ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात. लादाइनीला वाड्यावरची सारी घरे बोलावली जातात, चतुर्थीच्या दिवसांत शेजारी एकमेकांकडे जातात. परंतु बचत गटाची यादी मात्र पुष्कळदा एकाच समाजाची असते, कारण ती नातेवाइकांपासून सुरू होते आणि तेथेच संपते. वास्तविक मालाला ही भिंत नाही. खोला गावच्या मिरचीची पूड, आमसुले, विनेगर, सुकी मासळी, पापड, हे जिन्नस दोन्ही स्वयंपाकघरांत लागतात. पावसाळ्यापूर्वी घरात बेगमी करून ठेवण्याचे, म्हणजे पुरुमेंताचे दिवस एप्रिल-मेमध्ये येतात. मेळाव्याला त्याहून योग्य काळ नाही, कारण तेव्हा प्रत्येक घर खरेदी करणारच असते, प्रश्न फक्त कोठून एवढाच असतो. चवथीच्या पंधरवडाभर आधी आणि नाताळच्या तीन-चार आठवडे आधीही मागणी असते. ऐन सणाच्या आठवड्यात मात्र कोणाला बोलावू नये. बोलावणे गेले तर येणारीला घरातले काम टाकून यावे लागते, आणि यजमानिणीचे तर त्याहून हाल होतात. बेळगाव, इंदूर किंवा बडोद्याकडील मराठी कुटुंबांत भिशीच्या निमित्ताने बायका महिन्याकाठी जमतात. तेथे ओळखीचे वर्तुळ आयतेच असते, पण ते दर महिन्याला तेच असते, ही अडचण तेथेही आहेच.

काही सावधगिरीच्या गोष्टी येथे सांगणे आवश्यक आहे, कारण मेळावा आणि फसवणूक यांतील सीमारेषा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्याकडून ती नकळत ओलांडली जाते. अधिक पाहुणे आणावेत म्हणून यजमानिणीला भेट देणे यात गैर काही नाही. परंतु माल विकला जावो वा न जावो, नवी माणसे भरती केली आणि त्यांच्याकडून पैसे भरून घेतले की वरच्यांना लाभ मिळतो अशी योजना असेल, तर ती विक्री राहत नाही. असल्या पैसाफिरवणुकीच्या योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ यांनी पिरॅमिड पद्धतीच्या योजनांना स्पष्ट मनाई केली आहे. २८ डिसेंबर २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या या नियमांनुसार थेट विक्री करणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीने ओळखपत्र जवळ बाळगले पाहिजे, पूर्वसंमतीवाचून ग्राहकाच्या घरी जाऊ नये, आणि मालाची, किमतीची, परतीची व परताव्याची खरी माहिती दिली पाहिजे. स्वतः तयार केलेला माल स्वतः विकणारा गट अशा कंपनीहून वेगळा आहे. पण ओळख, पूर्वसंमती आणि खरी माहिती या तीन गोष्टी त्यानेही पाळल्यास त्याचे काही नुकसान नाही. खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी करून घ्यावी आणि पाकिटावर वजन, किंमत व बनवल्याची तारीख छापावी. अनोळखी पाहुणी पाकीट उलटून पाहते. ओळखीची मैत्रीण तसे करीत नाही. यादी वाढली की मालाची परीक्षाही कडक होते, आणि ही अधिक पाहुण्यांची एक उपकारक बाजू मानली पाहिजे.

भेटीची बाब उघड ठेवावी. यजमानिणीला काय मिळणार आहे हे मेळाव्याच्या प्रारंभीच सर्वांसमोर सांगून टाकले की कुजबुजीला जागा उरत नाही. भेट विक्रीच्या रकमेवर न बांधता आलेल्या पाहुण्यांच्या संख्येवर बांधावी, असा पर्याय गटांनी करून पाहण्यासारखा आहे. विक्रीवर बांधलेली भेट यजमानिणीला विक्रेती बनवते. ती मैत्रिणीच्या हातातल्या पाकिटाकडे बघू लागते. संख्येवर बांधलेली भेट तिला यजमानीणच राहू देते, आणि तिने करायचे काम तिच्यापुढे स्पष्ट ठेवते, ते म्हणजे माणसे बोलावणे. पुढे माल पसंत पडतो की नाही ही जबाबदारी गटाची.

टपरवेअरची भांडी १९९६ मध्ये भारतात आली आणि येथील शहरी मध्यमवर्गीय गृहिणींच्या हाती शाळेच्या व कचेरीच्या डब्यांच्या रूपाने रुळली. १९५१ मध्ये दुकानांतून काढून घेतलेला हा माल २०२२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या दुकानसाखळीत पुन्हा ठेवला गेला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. स्वस्त पर्याय दुकानोदुकानी मिळू लागले होते आणि झाकण कसे बसवायचे हे आता कोणाला शिकवावे लागत नव्हते. जो माल दाखवावा लागत नाही त्यासाठी माणसे जमवण्याचे प्रयोजन उरत नाही. बचत गटांनी यावरून एवढे ध्यानात घ्यावे की, बाजारात पाकिटात मिळणाऱ्या हळदीसारखीच हळद घरी मांडून पाहुणे टिकणार नाहीत. मिरची डोळ्यांदेखत भाजून दाखवा, दोन प्रकारच्या आमसुलांचे सार करून चव घेऊ द्या, कुळथाची पिठी कालवून त्याची पिठले-भाकरी वाढा. ज्या मेळाव्यातून काही तरी पाहून, चाखून, शिकून बायका परततात, त्याची वार्ता यजमानिणीच्या निमंत्रणाआधीच पुढच्या वाड्यावर पोहोचलेली असते.

शेवटी एका व्यावहारिक गोष्टीकडे लक्ष वेधणे जरूर आहे. अमेरिकेतील मेळाव्यांत मागणी नोंदवून घेतली जाई, माल मागाहून यजमानिणीच्या घरी येई आणि तो घरोघर पोहोचवण्याचे काम तिच्यावर पडे. येथेही तसेच घडते. चार पाहुण्यांच्या चार पिशव्या पोहोचवणे अवघड नसते, परंतु वीसजणींच्या वीस पिशव्या, त्यांतली एकीची कमी पडलेली, एकीची बदललेली, एकीचे पैसे यायचे राहिलेले, हा व्याप तिने एकदा सोसला की पुढच्या वेळी ती पुन्हा सहाजणींनाच सांगते. म्हणून मागणीची वही गटाने ठेवावी, पिशवीवर नाव आणि रक्कम लिहावी, ठरल्या दिवशी गटातल्या दोघींनी यजमानिणीच्या घरी बसून वाटप पुरे करावे, आणि राहिलेली वसुली गटानेच करावी. परत आलेला माल त्याच दिवशी बदलून द्यावा, आणि तो बदलताना यजमानिणीचे नाव मध्ये येऊ देऊ नये.